ज्याला शिक्षाच कळत नाही त्याला फाशी?
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



वर्धापन दिनाला विषय जड आहे, तरी आम्ही तो मुद्दाम घेतला. १९९९ साली आपल्याच महाराष्ट्रात एकाने दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून केला. त्याला फाशी झाली. पुढे १२ एप्रिल २०१९ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दोन दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने ती फाशी रद्द केली. हा माणूस १९९४ पासून मनाच्या आजाराने ग्रासलेला आहे, असे समोर आलेल्या कागदांवरून न्यायालयाला दिसले. निकालात त्याचे नाव नाही, नुसते 'आरोपी एक्स'. रुग्णाची ओळख झाकावी असा २०१७ चा कायदा आहे.

कुणी विचारील, मग त्या पोरींच्या आईबापांचं काय? प्रश्न रास्त आहे. पण न्यायालयाने त्याला मोकळे सोडले नाही. मरेपर्यंत तुरुंग, सुटीची सवलत नाही. न्यायालयाचे म्हणणे एवढेच, की आपल्याला कशासाठी मारतात हे ज्याला उमगत नाही, त्याला फासावर देऊन शिक्षेचा हेतू साधत नाही.

आपल्या विनयात हे केव्हाच आलेले आहे. उम्मत्तक, म्हणजे वेड लागलेल्या भिक्खूला, त्या अवस्थेतल्या कृत्याची आपत्ती लागत नाही. गग्ग नावाचा भिक्खू बरा झाल्यावरही बाकीचे त्याला जुने दोष काढून टोचत. तेव्हा भगवंतांनी संघाला त्याला अमूळ्हविनय द्यायला सांगितले. गग्गाचे दोष खुनाचे नव्हते, हे आम्ही जाणतो. आणि बाबासाहेबांनी तर ३ जून १९४९ ला संविधान सभेत, फाशीच अजिबात काढून टाकावी, असे मत मांडले होते.

खरी अडचण पुढेच आहे. कृत्याच्या वेळी वेड होते तर माफी, हे जुन्या ८४ कलमात होते, आता न्याय संहितेच्या २२ व्या कलमात आहे. पण सिद्ध कोण करणार? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट ३९ए'ने २०२१ साली फाशीच्या ८८ कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत ६२ टक्क्यांना मानसिक आजार निघाला, ११ टक्के बौद्धिकदृष्ट्या अपंग होते. मतिमंदाला फाशी नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ठरवले. आपल्याकडे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षा ठरवण्याआधी सरकारने आरोपीची मानसिक तपासणी करून अहवाल द्यावा. चांगले झाले. पण 'आरोपी एक्स' वाचला तो जुन्या कागदांवर. गरिबाच्या घरी कागद कुठला? पोरगं एकटंच बडबडतं, रात्र रात्र झोपत नाही, तर आपण अंगारा लावतो, नाहीतर 'येडा' म्हणून हसतो.

म्हणून माता-भगिनींना एकच विनंती. पोराला केईएमला न्या, नायरला न्या, मानसोपचार विभागात दाखवा, लाजू नका. आणि केसपेपर टाकू नका. पावसात घरात पाणी शिरतं, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फळीवर ठेवा.