लांब पट्ट्याची बर्फगाडी

(मंडळाच्या सभागृहात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या भाषणासाठी चिटणीसांनी मला निमंत्रण दिले तेव्हा एकच अट घातली होती, ती अशी की विषय कोणताही चालेल, मात्र महागाई भत्ता आणि वेतन आयोग नको. ती अट पाळून मी आज जो विषय घेतला आहे, तो मराठी घेऊन बी. ए. झालेल्या आणि उभा जन्म हिशेब तपासण्यात घालविलेल्या माणसाच्या तोंडी कितपत शोभेल, याची मला शंकाच आहे. विषय आहे बर्फावर चालणाऱ्या गाडीचा पट्टा, आणि जुन्या गाडीला अधिक लांबीचा पट्टा बसविणे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पुण्या-साताऱ्याकडचे पाहुणे येतात, ते चंदीगडसाठी येत नाहीत. मनालीच्या वाटेवर आपले घर लागते म्हणून येतात. सोलंगच्या उतारावर त्यांची मुले ज्या फटफटीवर बसून फोटो काढतात, तीच ही बर्फगाडी. लष्करात तिला 'स्नो-स्कूटर' म्हणतात. पुढे सुकाणूसाठी दोन स्की, मागे एक रुंद रबरी पट्टा आणि मध्ये इंजिन, एवढाच तिचा संसार. परंतु मुलांच्या करमणुकीपुरती ही गाडी नाही. येथील विमानतळावरून लडाखकडे जाणाऱ्या विमानांचा आवाज आपण रोज ऐकतो. त्यांतून जाणाऱ्या जवानांत आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडची मुले असतात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवरील सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले. त्यांत एक आपल्या माण तालुक्यातला होता. हिमकड्यापुढे कोणत्याही गाडीचा इलाज नाही, हे खरे. पण त्या उंचीवर दुसरे एक संकट नित्याचे आहे. विरळ हवेत माणसाच्या फुप्फुसात पाणी भरू लागते, आणि त्याला शक्य तितक्या लवकर खाली उतरविणे हा त्यावरचा पहिला उपचार असतो. आभाळ भरले की हेलिकॉप्टर येत नाही. मग आजाऱ्याला स्लेजवर बांधून ओढणारी गाडी बर्फात रुतते की चालते, यावर सारे अवलंबून राहते.

या यंत्राचा जन्मही अशाच एका अडचणीतून झाला, हे सांगितले पाहिजे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, व्हॅलकोर्ट या गावी, जोझेफ-आर्मांद बोंबार्दिए नावाचा एक मोटार दुरुस्त करणारा तरुण राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकाराने गेला. रस्ते बर्फाने बंद असल्याने त्याला इस्पितळात नेता आले नाही. बर्फावरच्या गाडीचा नाद त्याला लहानपणापासून होताच. पुढे १९३७ साली त्याने दातेरी चक्र आणि रबरी पट्टा यांच्या रचनेचे पेटंट घेतले आणि सात माणसांची गाडी बाजारात आणली. डॉक्टर, टपालवाले, शाळेची मुले तिच्यातून जाऊ लागली. एक-दोघांनी बसायची हलकी 'स्की-डू' त्याने १९५९ साली काढली. आजच्या बर्फगाड्यांचे घराणे बव्हंशी तिच्यापासून चालते.

आपल्याकडेही पट्ट्याचे महत्त्व फार पूर्वी सिद्ध झाले आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांनी झोजी खिंडीत रणगाडे चढविले. सातव्या कॅव्हलरीचे हलके स्टुअर्ट रणगाडे, लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग 'स्पॅरो' यांच्या हाताखाली, बुरुज उतरवून गुपचूप बालतालपर्यंत आणले गेले होते आणि पडत्या बर्फात साडेअकरा हजार फुटांवर पोहोचले. शत्रूला स्वप्नातही वाटले नव्हते की येथे रणगाडा येईल. पुढे ६ डिसेंबर १९८१ रोजी आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली ती गोव्याहून, म्हणजे आपल्याच अंगणातून. या महाखंडावरही पट्ट्याच्या गाड्यांवाचून आपल्या शास्त्रज्ञांचे पान हलत नाही.

आता मूळ मुद्दा. पट्टा लांब कशासाठी? आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी रुतली की शेतकरी चाकाखाली फळी सारतो. वजन तेवढेच असते, फक्त ते अधिक जागेवर पसरते. ऐंशी किलोचा माणूस बुटासह एका पायावर भार देतो तेव्हा साधारण अडीचशे चौरस सेंटीमीटर जागेवर तो भार येतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तीनशेवीस ग्रॅम. तो भुसभुशीत बर्फात मांडीपर्यंत जातो. उलट पट्ट्यावर तीनशे किलोंचा भार असलेली गाडी पाहा. पट्ट्याचा एकूण घेर १२१ इंच, रुंदी १५ इंच, आणि त्यातला सुमारे १२० सेंटीमीटरचा भाग बर्फाला टेकलेला. हा भार पडतो दर चौरस सेंटीमीटरला अवघा सहासष्ट ग्रॅम. घेर १५१ इंच केला तर वाढलेल्या तीस इंचांपैकी निम्मा भाग खाली टेकतो आणि भार पन्नास ग्रॅमपर्यंत उतरतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण एक चतुर्थांश भार कमी होणे ही थोडी गोष्ट नव्हे. शिवाय बर्फाला ढकलणाऱ्या रबरी पात्यांची संख्याही वाढते.

'मग लांब पट्टा आणून बसवावा, त्यात काय?' असे एखाद्या वहिनींच्या मनात आले असेल. येथेच खरी गंमत आहे. ज्यांनी कोकणात राहाटगाडगे पाहिले आहे त्यांना हे लगेच उमगेल. राहाटाच्या माळेत गाडग्यांचे अंतर ठरलेले असते. माळ लांबवायची तर आणखी गाडगी त्याच अंतराने जोडावी लागतात. पट्ट्याचेही तसेच. त्याच्या आतल्या बाजूला दातेरी चक्राला धरण्यासाठी जी अंतरे असतात, ती जुन्या गाड्यांत बहुधा २.५२ इंचांची असत. १२१ इंचांत ती अठ्ठेचाळीस बसतात, १३६ मध्ये चोपन्न, १५१ मध्ये साठ. पुढच्या काळातल्या पुष्कळ पट्ट्यांत हे अंतर २.८६ किंवा ३ इंच आहे. असा पट्टा जुन्या चक्रावर चढवला तर दात आणि खाच यांचे जमत नाही. पट्टा बदलला की चक्रही बदलावे लागते, नाहीतर जुन्याच अंतराचा पट्टा शोधावा लागतो. पात्यांची उंचीही पाहावी लागते. उंच पाती असलेला पट्टा फिरताना वरच्या पत्र्याला घासतो, आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची नळी तेथेच असेल तर तिला भोक पाडतो.

पट्टा ज्या उलट्या पन्हळीसारख्या पत्र्याखाली फिरतो तो मागे वाढवावा लागतो. ज्या दोन रुळांवर पट्टा सरकतो तेही जोडून वाढवावे लागतात, आणि मागचा आस मागे न्यावा लागतो. रुळांना खालून प्लास्टिकच्या पट्ट्या असतात आणि त्यांना वंगण म्हणजे पट्ट्याबरोबर उडणारे बर्फच. निबर, काचेसारख्या हिमावर भुसा उडत नाही, तेव्हा त्या पट्ट्या तापून वितळतात. हिमनदीवर हाच धोका अधिक. म्हणून आतली लहान चाके वाढविणे हे ऐच्छिक काम समजू नये, असे माझे मत आहे.

इतके झाले की गाडीचा तोल बदलतो. मागे लांबी वाढल्याने पुढच्या स्की हलक्या होतात, आणि चढावर गाडी वळविणे हा निव्वळ दैवाचा भाग उरतो. मग पुढचा रोधक पट्टा आखूड करून नाक खाली आणावे लागते. सर्वांत अवघड प्रश्न इंजिनाचा. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि इंजिनाची ताकदही त्याच मानाने घटते. चाळीस अश्वशक्तीचे जुने इंजिन तेथे वीसच्या आसपास काम देते. पट्टा मात्र अधिक जड आणि अधिक घासणारा. त्यामुळे साखळीच्या पेटीतले वरचे चक्र लहान व खालचे मोठे करून वेग कमी व ओढ जास्त अशी योजना करतात. विरळ हवेत कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त ओततो, म्हणून त्याचे जेटही लहान घालावे लागते. हे न करता केवळ पट्टा लांबविला, तर बेल्ट घसरतो, तापतो, आणि ऐन चढावर तुटतो. रिकाम्या गाडीवर ते खपूनही जाईल. मागे स्लेजवर आजारी माणूस असताना खपत नाही.

हे सारे मला कोठून कळले? फायलीतून. काही वर्षांपूर्वी एका खात्याचा प्रस्ताव वित्तीय संमतीसाठी माझ्या टेबलावर आला. खात्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तीन जुन्या गाड्या होत्या. नव्यांसाठी निधी नव्हता. आणि लाहौलकडच्या एका वयस्क मिस्त्रीने तिन्हींना लांब पट्टे बसविण्याची सूचना दिली होती. प्रस्तावात फक्त पट्ट्यांची किंमत होती. चक्रे, रूळ, जोडपत्रा, मागचा आस, साखळीची चक्रे, जेट, यांपैकी कशाचाच खर्च नव्हता. कारण विचारल्यावर उत्तर आले की 'किरकोळ बाबी स्थानिक पातळीवर भागविण्यात येतील'. सरकारी कागदावर 'किरकोळ' हा शब्द आला की मी चष्मा पुसून पुन्हा वाचतो. मी त्या मिस्त्रीलाच बोलावून घेण्याची विनंती केली. तो आला, बूट बाहेर काढून बसला, आणि चहा घेता घेता त्याने मला ही सारी शाळा शिकविली. त्या 'किरकोळ' बाबी एकत्र केल्या तर पट्ट्याच्या किमतीहून जास्त होतात, हे त्याला ठाऊक होते. प्रस्ताव लिहिणाऱ्याने त्याला विचारलेच नव्हते.

प्रस्ताव फेटाळणे सोपे होते. तसे केले असते तर तिन्ही गाड्या आणखी एक हिवाळा आखूड पट्ट्यावर रुतत राहिल्या असत्या. अखेर सुधारित प्रस्तावात संपूर्ण खर्चासह एका गाडीला मंजुरी दिली. अट अशी की भरलेली स्लेज मागे लावून एक हिवाळा चालवावी, दररोजचे पेट्रोल आणि बदललेले बेल्ट नोंदवावेत, आणि मगच पुढचे बोलावे. दुसऱ्या गाडीच्या पत्र्याला बोल्टच्या भोकांपाशी तडे सापडले. वाढीव लांबीचा ताण तिला सोसला नसता. ती निर्लेखित करून तिचे सुटे भाग पहिलीसाठी ठेवले. तिसरी जशी होती तशीच, दाबून वाट केलेल्या बर्फापुरती वापरावी असे ठरले.

हिवाळा संपल्यावर नोंदवही आली. मिस्त्रीच्या मोठ्या, उर्दू वळणाच्या हिंदी अक्षरात ती भरली होती. चार महिन्यांत बेल्ट दोन गेले होते, दोन्ही पहिल्या पंधरवड्यात, साखळीचे चक्र बदलण्यापूर्वी. त्यानंतर एकही नाही. फेब्रुवारीतल्या एका पानावर पेट्रोलच्या आकड्यासमोर लिहिले होते : 'एक मरीज, नीचे पहुँचाया, ठीक.' त्या ओळीवर लेखापरीक्षणाचा कोणताही आक्षेप निघाला नाही.