आगीतून गारव्याकडे

‘आगीतून फुफाट्यात’ हे आपण नेहमी ऐकतो. आज मी आगीतून गारवा काढणाऱ्या यंत्राबद्दल बोलणार आहे. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. पण खाली ज्योत आणि वर बर्फ, हे कोडं मला सोडवल्याशिवाय राहवेना.

2021 साली महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपण्याची, रांधण्याची सोय असलेल्या या गाड्या. माझ्या एका निवृत्त मित्रानं अशीच एक जुनी गाडी घेतली. तिच्यातला फ्रिज विजेवरही चालतो आणि गॅसवरही. वहिनींना मधुमेह. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं. त्र्यंबकच्या वाटेवर दोघांनी मुक्काम केला, फ्रिज गॅसवर लावला आणि सकाळी पाहतात तर आतलं सगळं कोमट. वहिनींनी कुप्या डबीत घालून मडक्यात ठेवल्या, वर ओलं फडकं गुंडाळलं आणि गाडी नाशकाकडे वळवायला लावली.

त्या मडक्यातच फ्रिजचं रहस्य आहे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार होतो. फ्रिजमध्ये हेच काम अमोनिया करतो. ज्योतीच्या धगीनं तो पाण्यापासून सुटतो, वर जाऊन निवतो, द्रव होतो. मग हायड्रोजनच्या सोबतीत पुन्हा वायू होताना आतली उष्णता शोषतो आणि शेवटी पाण्यात विरघळून खाली येतो. ना मोटर, ना पंप, ना आवाज. ही युक्ती 1922 साली स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन तरुण विद्यार्थ्यांनी शोधली.

द्वारकेजवळच्या एका उस्तादांनी गाडी पाहिली. त्यांनी आधी पाना उचलला नाही, प्रश्न विचारला, “साहेब, विजेवर गार होतो का?” होत होता. “मग नळ्या धडधाकट आहेत. दुखणं ज्योतीत आहे.” दोन्हींवर गार झाला नसता, तर उतार, कोंडलेली हवा किंवा खुद्द नळ्या यांच्याकडे पाहावं लागलं असतं.

त्यांनी बर्नर उघडला. ज्योत निळी हवी, ती पिवळी होती. हवेच्या नळीत कोळ्यानं जाळं केलं होतं. जाळं काढलं, काजळी पुसली, नळ्यांचे सांधे साबणाच्या पाण्यानं तपासले. काडी ओढून गळती कधीच पाहायची नाही. बटण सोडताच ज्योत विझत असेल, तर ज्योतीजवळची उष्णता ओळखणारी कांडी मळलेली किंवा सरकलेली असते. सिलिंडर नवा असेल तर नळीतली हवा निघेपर्यंत बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं. आपल्या घरगुती गॅसमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपास नीट वायू होत नाही. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत ज्योत मंदावली, तर हेही आठवावं.

पंप नसल्यामुळे या फ्रिजमधला द्रव स्वतःच्या वजनानं उतरतो. म्हणून गाडी सपाट जागी उभी हवी. उतारावर तासन् तास चालवला, तर नळ्या आतून तापून कायमच्या तुंबतात. अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागे पिवळी भुकटी दिसली, तर फ्रिज बंद करावा. ते घरी दुरुस्त होणारं काम नाही.

मित्राचा फ्रिज त्याच रात्री गार झाला. मडक्यातल्या कुप्यांचं काय करायचं, ते वहिनींनी डॉक्टरांना विचारलं. मडकं गारवा देतं, पण 8 अंशांपर्यंत पोचत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. या ज्योतीचा धूर गाडीबाहेरच गेला पाहिजे. अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला नेतो. गॅसचा वास आला, तर सिलिंडर बंद करा, दारं उघडा आणि विजेच्या बटणाला हात लावू नका. गाडी चालू असताना गॅस बंदच ठेवा. हा फ्रिज सावकाश गार होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीच तो सुरू करा, आत थर्मामीटर ठेवा आणि औषध त्यानंतरच ठेवा.