तीच चव, तोच हात

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आज मी हप्त्यांचं बोलणार नाही, जेवणाचं बोलणार आहे. शेवटी हिशोबावर येईनच, पण आधी जेवू.

मी एमएसडब्ल्यू करायला शहरात गेले तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नाही. भाड्याची खोली घेतली आणि गल्लीतल्या एका मावशींकडे जेवण लावलं. घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं आणि कोपऱ्यात पाण्याचा पिंप. पाटी नाही, मेनूकार्ड नाही. सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी पिठलं-भाकरी, गुरुवारी वरण-भात. दोन वर्षं तेच.

तुम्ही म्हणाल, कंटाळा नाही आला? नाही आला. दिवसभर शहर नवं, माणसं नवी, वर्गात इंग्रजी भाषणं. निम्मं डोक्यावरून जायचं. पण मंगळवारी पिठलं असणार आणि त्याला लसणाची फोडणी असणार, एवढं नक्की ठाऊक असायचं. त्याचा केवढा आधार वाटायचा! एकदा मी एकच भाकरी खाऊन उठले, तर मावशी म्हणाल्या, "अंगात कसर आहे का गं?" त्या अख्ख्या शहरात मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मैत्रिणींनो, जुन्या खाणावळीकडे माणूस पुन्हा पुन्हा का वळतो, ते मला तिथं कळलं. चव बदलत नाही, वाढणारा हात बदलत नाही आणि आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं.

अशा मावशी मुंबईच्या गिरणगावात शेकड्यांनी होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बायकापोरं गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. त्यांना दोन वेळचं जेवण द्यायच्या चाळीतल्या खाणावळवाल्या बायका. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर आणि नड सावकाराच्या व्याजावर. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपले बचतगट आले त्याच्या कितीतरी आधी. पुढे 1982 चा गिरणी संप झाला. कामगार गावी परतले, तसे खाणावळवाल्यांच्याही चुली थंडावल्या. म्हणजे रोज भाकऱ्या थापणारी बाईसुद्धा गिरणीवरच जगत होती, फक्त तिचं नाव हजेरीपटावर नव्हतं.

आता माझ्या मावशींचं पुढचं सांगते. शेवटच्या वर्षी माझे दोन महिन्यांचे पैसे थकले. त्या म्हणाल्या, "जेवणाचं काय घेऊन बसलीस? नोकरी लागली की दे." पहिला पगार घेऊन गेले, तर तिथे मोबाइलचं दुकान. शेजारीण म्हणाली, तेल-गॅस महागला तरी त्यांनी दर वाढवला नाही, "पोरांना परवडायचं नाही" म्हणून. जाऊबाई वर्षानुवर्षं फुकट राबायच्या. त्या अंथरुणाला खिळल्या आणि पगारी बाई ठेवायला पैसेच निघेनात. माझे थकलेले पैसे मी त्यांच्या मुलाकडे पोचते केले. पण खाणावळ काही परत आली नाही. आमचं पोट भरलं ते त्यांच्या न मोजलेल्या मजुरीवर, हे मला तेव्हा कळलं.

हे आजच का सांगतेय? मागच्या आठवड्यात आपल्या एका गटाचा कर्जाचा अर्ज आला. बाजारपेठेत खाणावळ टाकायची आहे. वाचून फार आनंद झाला. पण दोन गोष्टी खटकल्या.

पहिली, यादीत 22 पदार्थ, मंचुरियनसकट. अहो, बाजाराला आलेला माणूस, तहसीलला खेटे घालणारा, पेशंटला दवाखान्यात घेऊन आलेली बाई, यांना काय हवं असतं? गरम भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. चारच पदार्थ करा, पण रोज तसेच करा. माल वायाही कमी जाईल.

दुसरी, खर्चाच्या तक्त्यात मजुरीपुढे लिहिलंय, "घरच्याच बायका", आणि रक्कम शून्य.

ताईंनो, हे शून्य खोटं आहे. समजा तिघीजणी राबल्या, प्रत्येकीची मजुरी 300 रुपये धरली, तर दिवसाचे 900 झाले. 40 ताटं गेली, तर एका ताटामागे साडेबावीस रुपये तुमच्या हाताचे. त्यावर किराणा, गॅस, जागेचं भाडं. एवढं धरून मग दर ठरवा. दर खाली आणायचाच असेल तर ज्वारी सुगीत एकत्र घ्या, डाळ गटातल्याच बाईकडून घ्या. पण स्वतःची मजुरी कापू नका. आणि उधारी लिहायला वही ठेवा. माझ्यासारख्या पोरी येणारच. त्यांना जेवू घाला, पण वहीत लिहा.

अर्ज नाकारलेला नाही, दुरुस्तीला परत दिलाय. तो रकाना भरून पुढच्या सभेला आणा. खाणावळ सुरू होईल त्या दिवशी पहिलं ताट माझं. पैसे रोख देईन.