ग्रँट कशी मागायची, हे कोण सांगतं?

(आपल्या मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर, किंचित संपादित)



आपल्या सभेत जातीपासून हवामानापर्यंत सगळ्यावर बोलून झालं आहे. त्यामानाने माझा आजचा विषय अगदीच रुक्ष. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांत संशोधकांना ग्रँट शोधायला आणि मिळवायला मदत करणाऱ्या कार्यशाळा होतात, त्यांच्याबद्दल बोलणार आहे. "यात पुरोगामी काय?" असं मला फोनवर विचारण्यात आलं होतं. बघू या.

असिस्टंट प्रोफेसर झाल्यावर पहिला अर्ज मी कुणालाही न दाखवता पाठवला. दाखवायचा असतो हेच माहीत नव्हतं. आपण परीक्षांत वाढलेली माणसं. पेपर लिहायचा, पुरवण्या बांधायच्या आणि पर्यवेक्षकाच्या हाती द्यायचा. शेजारच्याला दाखवला तर ती कॉपी! उत्तर आलं: चर्चा झाली नाही. याचा अर्थ नंतर कळला. एनआयएचच्या पद्धतीत साधारण तीन परीक्षक अर्ज बारकाईने वाचून १ ते ९ गुण देतात. १ सर्वांत चांगला. या पहिल्या फेरीत मागे पडलेले अर्ज, पुष्कळदा जवळपास निम्मे, पॅनेलच्या बैठकीत चर्चेला येतच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठाने दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली. मला वाटलं, इंग्रजी सुधारून देतील. पहिला अख्खा दिवस एका पानावर गेला. मोठ्या अर्जात, ज्याला आर-झीरो-वन म्हणतात, संशोधनाचा आराखडा १२ पानांचा असतो आणि त्याच्या आधी उद्दिष्टांचं एकच पान. प्रश्न कोणता, तो अजून का सुटला नाही, मी काय करणार, एवढंच त्यात. माझ्या पानाचा वरचा अर्धा भाग विषयाच्या इतिहासाने भरला होता. जोडीला दिलेल्या मृदाशास्त्राच्या बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "पण तुम्ही करणार काय आहात?" दुसरी चूक जास्त गंभीर होती. माझं दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर उभं होतं. पहिला प्रयोग फसला की पुढची सगळी वर्षं पाण्यात. हे मला एकट्याला कधीच दिसलं नसतं. आणि पॅनेलमध्ये मत देणारे बहुतेक लोक त्या मृदाशास्त्रज्ञ बाईंसारखेच, विषयाच्या जरा बाहेरचे असतात.

दुसऱ्या दिवशी पैसे शोधायचे कुठे, हा विषय होता. एनआयएचचा 'रिपोर्टर' नावाचा खुला माहितीकोश आहे. आपला सारांश त्यात टाकला की त्याच्याशी जुळणारे मंजूर प्रकल्प आणि ते सांभाळणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरांची नावं मिळतात. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांना आधी उद्दिष्टांचं पान पाठवा, मग फोन करा." मी चाट पडलो. सरकारी अधिकाऱ्याला फोन? हा वशिला नाही का? शेजारचा सहकारी हसला. त्याचे वडील प्रोफेसर. "मला वाटलं, सगळेच करतात," तो म्हणाला. यात वशिला काहीच नव्हता, ते तर त्या अधिकाऱ्याचं कामच आहे. पण मला ते तिशी उलटल्यावर कळलं, त्याला जेवणाच्या टेबलावर कळलं होतं. जात अशीच चालते, हे या सभागृहात मी वेगळं सांगायला नको.

आपल्या मुलामुलींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पीएच.डी. करणाऱ्यांच्या एफ-थर्टीवन फेलोशिपला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. त्यामुळे व्हिसावरचे पोस्टडॉक सगळीच दारं बंद आहेत असं धरून चालतात. के-नाइंटीनाइनला आणि एनएसएफच्या करिअर ग्रँटला नागरिकत्वाची अट नाही. ही माहिती सहज मिळते, पण ती शोधायची हे कुणीतरी सांगावं लागतं.

विद्यापीठं हे धर्मादाय म्हणून करत नाहीत. ग्रँटबरोबर इमारत, वीज, कार्यालय यांच्या नावाने अप्रत्यक्ष खर्चही मिळतो आणि मोठ्या विद्यापीठांचा दर अनेकदा ५० टक्क्यांच्या वर असतो. ज्यांच्याकडे ग्रँट जास्त, त्यांच्याकडे हे शिकवणारी माणसंही जास्त. छोट्या कॉलेजात हे सगळं एकच कारकून पाहतो.

२०११ साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला. शिक्षण, पूर्वीची ग्रँट, प्रकाशनं, नोकरीची संस्था हे सगळं हिशेबात धरूनही, एनआयएचची ग्रँट मिळण्याची शक्यता कृष्णवर्णीय अर्जदारांसाठी गोऱ्यांपेक्षा १० टक्केबिंदूंनी कमी निघाली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं, की पैसा कष्टकरी रयतेचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्यांना.

आता माझी शंकाही सांगतो. सगळ्यांनी उत्तम अर्ज लिहिले तरी मंजूर होणारे अर्ज तेवढेच राहणार. कार्यशाळा रांग बदलते, धान्य वाढवत नाही. २०२५ मध्ये तर चालू ग्रँट मध्येच रद्द झाल्या, आणि त्यांत वंचित समाजांच्या आरोग्यावरचे प्रकल्प मोठ्या संख्येने होते. अप्रत्यक्ष खर्च सरसकट १५ टक्क्यांवर आणायचा एनआयएचचा निर्णय न्यायालयांनी अडवला. सप्टेंबर २०२५ पासून एका संशोधकाला वर्षात सहाच अर्ज करता येतात, आणि यंत्राकडून मोठ्या प्रमाणात लिहून घेतलेले अर्ज स्वीकारले जात नाहीत. अशा वेळी अर्ज सुधारत बसायचं की रस्त्यावर उतरायचं, असं मला एका तरुण मैत्रिणीने विचारलं. मी दोन्ही करतो. तिला ते उत्तर पटलं नाही.

तर एक विनंती. आपल्यापैकी निदान काहींना ग्रँट मिळालेली आहे. तो अर्ज कपाटात ठेवू नका, मागेल त्याला द्या. ज्यांना कुणाच्या उद्दिष्टांचं पान वाचायला तासभर काढता येईल, त्यांनी माझ्याकडे नाव द्यावं. विषय आपला नसला तर उत्तमच.

माझ्या त्या पहिल्या, चर्चेलाही न आलेल्या अर्जाच्या दहा प्रती चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत, परीक्षकांच्या शेऱ्यांसकट. तिसऱ्या परीक्षकाचे शेरे जरूर वाचा. फार बोचरे आहेत आणि बहुतेक सगळे बरोबर आहेत.