यकृताला टिचकी: फायब्रोस्कॅनचा आकडा कसा वाचायचा?

तुमच्या किंवा आईबाबांच्या सोनोग्राफी रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ लिहून आलंय का? मग आजचा भाग तुमच्यासाठीच.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. सोनोग्राफीत चरबीवालं यकृत जास्त पांढरं दिसतं, आणि ग्रेड म्हणजे त्या पांढरेपणाचा डोळ्यांनी केलेला अंदाज. पण खरी भीती चरबीची नाहीच. यकृताला वर्षानुवर्षं सूज राहिली की आत जखमेच्या व्रणासारखे कडक तंतू साठतात, ते म्हणजे फायब्रोसिस. ते ग्रेड १ मध्येही असू शकतात आणि ग्रेड ३ मध्ये नसूही शकतात. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून सुटलो, असंही नाही.

मग हे मोजायचं कसं? पूर्वी बायोप्सी हाच मार्ग होता. सुईने तुकडा काढायचा, आणि तो तुकडा सगळ्या यकृताचा जेमतेम ५०,००० वा भाग! शेजारच्या भागात वेगळंच चित्र असलं तर?

२००३ च्या सुमारास फ्रान्समधून फायब्रोस्कॅन आलं. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, साधारण तसंच. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे. बरगड्यांच्या मध्ये प्रोब ठेवून मशीन हलका ठोका देतं. त्याची लाट यकृतातून जाते आणि अल्ट्रासाउंड तिचा वेग मोजतं. यकृत जितकं कडक, तितकी लाट वेगात. उत्तर येतं किलोपास्कलमध्ये. असे किमान १० ठोके घेऊन मधला आकडा धरतात. ८ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी.

पण मशीन व्रण मोजत नाही हं, कडकपणा मोजतं. जेवून गेलात तर यकृतात रक्त जास्त येतं आणि आकडा वाढतो, म्हणून किमान ३ तास उपाशी जायचं. नुकतीच कावीळ झाली असेल तर सुजेमुळेही आकडा चढतो. अशा वेळी घाबरून गूगल करण्यापेक्षा, पुन्हा कधी मोजायचं ते डॉक्टरांना विचारा. रिपोर्टवर ‘आयक्यूआर’ नावाची टक्केवारी असते, तीही बघा. आकडा मोठा असेल आणि ती ३० च्या वर असेल, तर ठोक्यांचं आपापसात जमलेलं नाही, त्या आकड्यावर फार विसंबू नका.

आता अन्ननलिका. ती मध्येच कुठून आली? व्रणांनी भरलेल्या यकृतातून रक्त नीट जात नाही, मागे दाब वाढतो, आणि रक्त आडवाटा शोधतं. त्यातली एक वाट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरांमधून जाते. त्या फुगतात, फुटल्या तर रक्ताची उलटी होते, जीवावर बेततं.

हा दाब नेमका मोजायचा तर मानेतल्या शिरेतून यकृताच्या शिरेपर्यंत नळी न्यावी लागते. दोन दाबांतला फरक १० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की फुगलेल्या शिरांची काळजी सुरू. ही तपासणी सगळीकडे होत नाही. म्हणून अशा प्रत्येक पेशंटची एंडोस्कोपी करून शिरा बघायचे. २०१५ मध्ये इटलीतल्या बावेनो इथे तज्ज्ञांनी सोपा नियम ठरवला: आजार बळावलाय पण पोटात पाणी, रक्तस्राव असं काही झालेलं नाही, कडकपणा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर, तर सध्या एंडोस्कोपी टाळता येते. घशात नळी घालून घेतलेल्या कुणालाही विचारा, ही केवढी सुटका आहे!

पुढच्या भागात अन्ननलिकेचा स्वतःचा दाब, नाकातून नळी घालून मोजतात तो. भेटूच!