राज्यपालांची अनुमती आणि आपल्या चाळी



आपल्यापैकी पुष्कळांची बिऱ्हाडे गिरगाव, परळ, लालबाग येथील उपकरप्राप्त चाळींत आहेत. या चाळींच्या पुनर्विकासासाठी म्हाडा अधिनियमात दुरुस्ती करणारे विधेयक विधिमंडळाने २०२० साली संमत केले. राष्ट्रपतींची अनुमती मिळण्यास मात्र २०२२ अखेर उजाडली. आमदारांनी संमत केलेले अडते कोठे, असे आम्हांस अनेकांनी विचारले.

संविधानाच्या २०० व्या अनुच्छेदान्वये राज्यपाल अनुमती देतात, रोखतात, अथवा विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतात. धनविधेयक नसेल तर संदेशासह फेरविचारार्थ परतही धाडतात. राखून ठेवण्यास सबळ कारण असू शकते. या दुरुस्तीत मालकास सहा महिने, तो न हलल्यास भाडेकरूंस सहा महिने, आणि त्यानंतर म्हाडाकडून संपादन, असा क्रम आहे. संपादन हा समवर्ती सूचीतला विषय. केंद्राच्या कायद्याशी विरोध आल्यास राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या अनुमतीवाचून टिकत नाही. हे आम्हांस पटते.

पटत नाही ते मौन. परत धाडताना संदेश लिहावा लागतो. राखून ठेवताना कारणे लिहिण्याचे बंधन त्या अनुच्छेदात नाही. न्यायालयास यासाठी मुदत ठरवून देता येणार नाही, तथापि राज्यपालांनी अनिश्चित काळ स्वस्थ बसणेही योग्य नव्हे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी दिले. आपले विधेयक थांबले तेव्हा टेकू दिलेल्या जिन्यांवरून चढउतार करीत २०२१ आणि २०२२ चे दोन पावसाळे आपण काढले होते.