रक्तक्षय : गोळी, ताट आणि हिमोग्लोबिनचा आकडा
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



प्रकृतीविषयी चार शब्द बोलावेत, असा आग्रह झाला तेव्हा मधुमेह वा हृदयविकार हा विषय अपेक्षित असावा. आम्ही रक्तक्षय निवडला. कारण या विषयात, वैद्यकीची पदवी घेऊन पंचवीस वर्षे झाल्यावर, आम्ही स्वतः चुकलो. आणि ती चूक परक्या रुग्णाच्या नव्हे, आमच्या मातोश्रींच्या बाबतीत झाली.

मातोश्री नागपुरास राहतात. साठी उलटल्यावर त्यांनी मांस, मासळी, अंडी वर्ज्य केली. दूध त्यांना लहानपणापासून आवडत नाही. सात-आठ वर्षांनी त्यांना धाप लागू लागली, चेहरा फिकटला. हिमोग्लोबिन 8.4 भरले. तेथील डॉक्टरांनी रक्तवाढीच्या म्हणून लोहाच्या व फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत आकडा 10.9 झाला. आम्ही दर रविवारी दूरध्वनीवरून आकडा विचारीत होतो आणि समाधान पावत होतो. पायांना मुंग्या येतात, असे त्या दोनदा म्हणाल्या. वयोमानाचा भाग म्हणून आम्ही ते सोडून दिले. त्या हिवाळ्यात घरी गेलो, तेव्हा अंगणातून आत येताना त्यांची एक चप्पल मागेच राहिलेली दिसली. ती पायातून निसटल्याचे त्यांना कळलेही नव्हते. मोरीवर तोंड धुताना डोळे मिटले, की त्या भिंतीचा आधार शोधीत.

ही लक्षणे ब-12 जीवनसत्त्वाच्या अभावाची होत. तांबड्या पेशी घडविण्यास ब-12 आणि फॉलिक आम्ल ही दोन्ही लागतात. फॉलिक आम्ल भरपूर दिले, की ब-12 नसतानाही रक्त काही काळ सुधारते. परंतु मज्जातंतूंचे आवरण राखण्याचे ब-12चे काम ते करू शकत नाही. म्हणजे आकडा वर चढतो आणि पाय आतून बधिर होत जातात. यकृतात ब-12चा साठा काही वर्षे पुरेल एवढा असतो, म्हणून आहार बदलल्याचा परिणाम इतक्या उशिरा दिसतो, की त्याचे कारण कोणाच्या स्मरणात राहत नाही.

या ज्ञानाचा एक धागा मुंबईतून जातो, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईस गेल्या. तेथील गरीब गरोदर स्त्रियांत, त्यांत गिरणी-कामगार स्त्रियाही होत्या, आढळणाऱ्या घातक रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. इंग्लंडात पावाला लावून खातात ते मार्माइट, म्हणजे यीस्टचा अर्क, दिल्याने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. ब-12 शुद्ध स्वरूपात मिळाले ते 1948 साली.

आता ताटाकडे वळू. भारतात 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 57 स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जी सर्वांना वाढून शेवटी जेवते, तिच्या वाट्याला खरवड आणि उरलेला रस्सा येतो; ही रीत काही कुटुंबांनी विमानातून येथेही आणली आहे. आपल्या आजीच्या पिढीच्या ताटात गरिबीतही कलेजी, वजडी, रक्ती असे. मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन बाबासाहेबांनी 1927 साली महाड येथे केले, ते स्वाभिमानासाठी. ताज्या कलेजीची लाज वाटावी, असे त्यात काही नव्हते. मांसातील लोह शरीर सहज शोषते. (गरोदर स्त्रीने मात्र कलेजी टाळावी, तीत अ जीवनसत्त्व फार असते.) शाकाहार ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण तो स्वीकारणाऱ्याने दूध, दही वा ब-12ची गोळी यांचा बंदोबस्त करावा. पालकाची कीर्ती त्याच्या गुणांहून मोठी आहे. बाजरी, मसूर, अळीव यांवर लिंबू पिळावे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा लोहाला आतड्यातच अडवतो, आणि आपली मंडळी नेमकी त्याच वेळी चहा मागतात.

लोहाची गोळी दिवसातून एक पुरते. तीन घेतल्याने रक्त तिप्पट वाढत नाही, पोट मात्र बिघडते. आकडा सुधारल्यावरही ती तीन महिने चालू ठेवावी, म्हणजे साठा भरतो. शौच काळे होते, त्यास घाबरू नये. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता आढळली, तर केवळ गोळीवर थांबू नये. रक्त आतड्यातून झिरपत नाही ना, याचा शोध घ्यावा लागतो. कर्करोग कधी कधी असाच प्रथम हाती लागतो. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ब-12 तपासून घ्यावे.

विदर्भातील बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ल आणि सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली आला. आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही हा आनुवंशिक दोष आढळतो. अशा रुग्णाला लोहाची कमतरता सिद्ध झाल्याखेरीज लोह देऊ नये. इंग्लंडात नवजात बालकाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याची तपासणी होते. विवाह ठरविताना दोन्ही पक्षांनी पत्रिकेऐवजी हा अहवाल पाहावा. आणि येथील अहवालात 112 असे असेल, तर गावी सांगताना 11.2 असे सांगावे. आमच्या एका स्नेह्याने न सांगितल्याने त्याच्या घरी दोन दिवस रडारड चालली होती.

मातोश्रींना ब-12ची इंजेक्शने एक दिवसाआड सुरू केली, पुढे दर दोन महिन्यांनी. रक्त दोन महिन्यांत सुधारले. चाल सुधारण्यास वर्ष लागले, आणि डाव्या पायाची बोटे अद्याप बधिर आहेत. त्या आता मागे पट्टा असलेल्या सँडल घालतात. रविवारी त्या आकडा सांगू लागल्या, की आम्ही आधी पायांविषयी विचारतो.